‘गगनचुंबी’ या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या शहापुरात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवण्याचं, लहानसं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची निमंत्रणं, श्रद्धांजलीचे फलक ही नेहमीची कामं. अलीकडे त्यात फ्लॅटच्या जाहिरातींची भर पडली आहे. पत्रकाच्या एका अंगाला मराठी आणि दुसऱ्या अंगाला कन्नड छापायचं, ही बेळगावची रीतच. या जाहिरातींमुळे ‘गगनचुंबी’ हा शब्द आठवड्यातून एकदा तरी माझ्या टेबलावर येतो आणि येताना कुणाचा ना कुणाचा प्रश्न घेऊन येतो. बिल्डर विचारतात, शाळेतली पोरं विचारतात, एकदा कन्नड पत्रकं लावणाऱ्या शेजारच्या अण्णांनीही विचारलं. तेच तेच पुन्हा सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेलं बरं.

‘गगनचुंबी’ म्हणजे नेमकं काय?

आकाशाचं चुंबन घेणारं. गगन म्हणजे आकाश आणि चुंबी म्हणजे चुंबन घेणारा, घेणारी किंवा घेणारं. फार उंच इमारत, मनोरा, शिखर किंवा झाड दाखवायला हा शब्द वापरतात. खालून वर बघताना त्याचं टोक आभाळाला टेकलंय असं वाटावं, इतकाच त्याचा दावा.

परीक्षेत विचारतात, समास कोणता?

उपपद तत्पुरुष. ‘गगनाचे चुंबन घेणारा तो’ असा विग्रह लिहावा. ‘चुंबी’ हे पद वाक्यात एकटं सुटं वापरता येत नाही, म्हणून उपपद. ग्रंथकार, शेतकरी, सुखद हे शब्द याच पंगतीतले.

संस्कृत शिकणाऱ्यांसाठी एक गंमत सांगतो. मूळ शब्द ‘गगनचुंबिन्’. त्यातला प्रत्यय पाणिनीने ‘ताच्छील्य’ म्हणजे सवय किंवा स्वभाव दाखवण्यासाठी सांगितला आहे. म्हणजे ही इमारत आकाशाचं चुंबन एकदाच घेऊन थांबत नाही, तो तिचा स्वभावच आहे! हे उत्तर मात्र पेपरात लिहू नका, गुण कापले जातील.

किती मजले झाले की इमारत गगनचुंबी म्हणायची?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. याला आकड्यात उत्तर नाही. ज्यांना आकडा हवा असतो, त्यांनी त्यासाठी वेगळे शब्द ठरवून घेतलेत. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत १५ मीटर किंवा त्याहून उंच इमारत ‘हायराइज’ धरली आहे. १५ मीटर म्हणजे साधारण पाच मजले. त्या हिशेबात टिळकवाडीतल्या कितीतरी अपार्टमेंट बसतील, पण त्यांना बघून कुणाची टोपी खाली पडत नाही. उंच इमारतींची नोंद ठेवणारी एक आंतरराष्ट्रीय परिषद आहे, कौन्सिल ऑन टॉल बिल्डिंग्ज अँड अर्बन हॅबिटॅट या नावाने बरीच वर्षं ओळखली गेलेली. तिच्या लेखी साधारण १४ मजले किंवा ५० मीटर झाले की इमारत ‘उंच’. ३०० मीटरच्या वर ‘सुपरटॉल’ आणि ६०० च्या वर ‘मेगाटॉल’.

हे आकडे डोक्यात बसत नसतील तर आपलं घरचं माप घ्या. गोकाकचा धबधबा सुमारे ५२ मीटर उंचीवरून पडतो. म्हणजे त्या परिषदेची ‘उंच’ इमारत जेमतेम एक गोकाक झाली. दुबईची बुर्ज खलिफा ८२८ मीटर आहे, म्हणजे एकावर एक सोळा गोकाक धबधबे रचल्यासारखी. पावसाळ्यात गोकाकच्या झुलत्या पुलावर उभं राहून ज्याने खाली बघितलंय, त्याने तेवढं सोळा वेळा वर बघायचं.

आता खरी गोष्ट. जगातली पहिली गगनचुंबी इमारत म्हणून जिचं नाव पुस्तकात सापडतं, ती शिकागोची होम इन्शुरन्स बिल्डिंग १८८५ साली पुरी झाली. दहा मजले, सुमारे ४२ मीटर. म्हणजे आमच्या गोकाकपेक्षा बुटकी! तरी तिला बघायला माणसं मान वर करून उभी राहत. पुढे त्याच शहरात तिच्या दुप्पट-तिप्पट इमारती उठल्या आणि १९३१ मध्ये ती पाडूनच टाकली. त्या काळी जी गगनाला टेकत होती, ती पन्नास वर्षांत बैठ्या घरासारखी दिसायला लागली. गगनचुंबी हा शब्द मोजमापाचा नाही, मान किती वर करावी लागते त्याचा आहे. ज्या गावात सगळी कौलारू घरं आहेत, तिथे सहावा मजलाही गगनचुंबी वाटू शकतो. मुंबईच्या लोअर परळमध्ये २८० मीटरच्या वर्ल्ड वनशेजारी राहणाऱ्याला तिसावा मजलाही तसा वाटणार नाही.

मग अशा इमारती पूर्वी का नव्हत्या? राजे-महाराजे कमी होते का?

भिंतींमुळे नव्हत्या. पूर्वी वरच्या मजल्याचं सगळं वजन भिंत पेलायची, त्यामुळे मजले वाढवायचे तर खालची भिंत जाड करत जावी लागे. शिकागोतच १८९१ च्या सुमारास मोनॅडनॉक नावाची सोळा मजली इमारत विटांच्या भिंतींवर उभी केली, तर तळाशी भिंत जवळजवळ सहा फूट जाड झाली. तळमजल्यावर दुकान थाटायचं की भिंतच सांभाळायची? पोलादी सांगाडा आला, तसं वजन खांबांनी आणि तुळयांनी घेतलं. भिंत नुसता पडदा झाली. दुसरं म्हणजे लिफ्ट. एलिशा ओटिस याने दोर तुटला तरी खाली न कोसळणारी लिफ्ट १८५० च्या दशकात करून दाखवली, तेव्हा कुठे पाचव्या मजल्याच्या वर राहायला माणसं तयार झाली. जिना चढून धापा टाकणाऱ्याला गगन कसलं आणि चुंबन कसलं!

हा इंग्रजी ‘स्कायस्क्रेपर’चा अनुवाद आहे ना?

अर्धं होय, अर्धं नाही. इमारतीसाठी हा शब्द रूढ झाला तो इंग्रजी शब्दासमोर उभं राहायला, हे खरं. पण अक्षरशः अनुवाद केला असता तर तो ‘आकाश खरवडणारा’ झाला असता, कढईला लागलेला खरपुडा काढावा तसा.

मूळ इंग्रजी शब्दाचा प्रवास मजेदार आहे. अठराव्या शतकात जहाजाच्या डोलकाठीवरच्या अगदी टोकाच्या शिडाला स्कायस्क्रेपर म्हणत. १७८९ साली इंग्लंडची एप्सम डर्बी जिंकणाऱ्या घोड्याचं नावही तेच होतं. उंच माणूस, उंच टोपी यांनाही ते चिकटलं आणि १८८० च्या दशकात अमेरिकेत ते इमारतीवर येऊन बसलं ते कायमचं. इतर भाषांनी मात्र इमानदारीने खरवडलं. फ्रेंचमध्ये ‘ग्रात-सिएल’, आकाश खरवडणारा. इटालियन आणि स्पॅनिशमध्येही तेच. जर्मन लोक थोडे खाली थांबले, त्यांचा ‘वोल्केनक्रात्सर’ ढग खरवडतो. व्हिएतनामी भाषेत तर घर आभाळाला टोचतं.

आपण नखं लावली नाहीत, ओठ लावले. ही परंपरा संस्कृतची आहे आणि इंग्रजीच्या फार आधीची. संस्कृतात ‘अभ्रंलिह’ असा शब्द आहे, म्हणजे ढगाला चाटणारा. तो कसा तयार होतो याला पाणिनीने स्वतंत्र सूत्र दिलंय. कालिदासाने मेघदूतात अलकानगरीच्या प्रासादांना ‘अभ्रंलिहाग्र’ म्हटलं, ज्यांची टोकं ढगांना चाटतात असे. तेही मेघालाच सांगताना, की बाबा, तिथले वाडे तुझ्याच तोडीचे आहेत. उंच इमारतीने आभाळाला प्रेमाने स्पर्श करायचा ही कल्पना आपल्याकडे लिफ्टच्या कितीतरी शतकं आधीच होती.

कन्नडमध्ये काय म्हणतात?

हाच शब्द. ‘गगनचुंबि कट्टड’. कट्टड म्हणजे इमारत. पत्रक करताना दोन्ही बाजूंना हा शब्द तसाच राहतो, फक्त लिपी बदलते. पाट्या मराठीत की कन्नडमध्ये यावरून आमच्या गावात काय काय वाद झालेत ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण या शब्दावरून आजवर कुणी कुणाशी भांडलेलं मी पाहिलं नाही.

बारीक फरक आहेत ते असे. कन्नडमध्ये तो नाम म्हणूनही सरळ चालतो, ‘गगनचुंबिगळु’ म्हणजे गगनचुंबी इमारती. मराठीत नुसतं ‘शहरात तीन गगनचुंबी आहेत’ असं म्हटलं, तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट बघत राहतो. मराठीत इमारत, मनोरा, टॉवर असं काहीतरी मागे लागतंच. बहुमजली इमारतीला कन्नडमध्ये ‘बहुमहडी कट्टड’. महडी म्हणजे मजला, आणि आपल्या ‘माडी’च्या इतका जवळ की निपाणीच्या आजीला तो वेगळा शिकवावा लागत नाही.

शिवाय उत्तर कर्नाटकाचा आपला खास शब्द आहे, ‘मुगिलु’. ढग आणि आभाळ दोन्ही. कन्नड वर्तमानपत्रात अपघाताच्या बातमीत नातेवाइकांचा आक्रोश ‘मुगिलु मुट्टितु’, म्हणजे आभाळाला भिडला, असं हमखास येतं. मराठीत आवाज आभाळाला भिडत नाही, ते भेदून जातो. म्हणून घोषणा गगनभेदी. अनुवाद करताना इथे घसरायला होतं. एकदा एका मिरवणुकीच्या बातमीत मीच ‘गगनचुंबी घोषणा’ लावल्या होत्या. नशिबाने प्रूफ वाचणाऱ्या काकांनी पकडलं.

चुंबी की चुंबि? आमची मुलं दोन्ही भाषा शिकतात, गोंधळ होतो.

मराठीत दीर्घ, कन्नडमध्ये ऱ्हस्व. मराठीत शब्दाच्या शेवटी येणारा इकार-उकार दीर्घ लिहायचा, हा सगळ्यांना माहीत असलेला नियम इथेही लागू. कन्नड लेखनात शेवटी ऱ्हस्वच येतो. सकाळी कन्नडचा तास आणि दुपारी मराठीचा, अशा शाळेतल्या पोराने एखादी वेलांटी इकडची तिकडे केली तर रागावू नका.

‘चुम्बी’ असा म जोडूनही लिहितात, तेही बरोबर. पण छापताना अनुस्वारच बरा, जोडाक्षर लहान टंकात चिकटतं.

उच्चारात ‘च’ कुठला?

चंद्रातला, चहातला. ‘चुना’ आणि ‘चुलत’मधला नव्हे. कन्नड बोलणाऱ्यांकडे एकच च असल्यामुळे त्यांचा उच्चार आपसूक बरोबर येतो. चुकतो तो आपणच.

‘गगनचुंबित’ लिहिलं तर चालेल का? भारदस्त वाटतं.

भारदस्त वाटतं, पण अर्थ उलटा होतो. चुंबित म्हणजे जिचं चुंबन घेतलं गेलंय ती. म्हणजे आकाशच खाली वाकून तुमच्या अपार्टमेंटचं चुंबन घेतंय! एका ग्राहकाने हट्टाने तसं लावून घेतलं आणि दोन हजार पत्रकं छापून झाल्यावर त्यांच्याच मुलीने, ती संस्कृत शिकत होती, जेवताना हसून सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले, बिचारे. कागदाचे पैसे त्यांनी दिले, हाताचे मी सोडले.

गगनचुंबी, उत्तुंग, टोलेजंग, बहुमजली : यांत फरक काय?

बहुमजली हा कोरडा शब्द, नगरपालिकेच्या कागदावरचा. मजले मोजले की झालं. उत्तुंग उंचीबरोबर मान देतो, म्हणून शिखर उत्तुंग आणि माणसाचं व्यक्तिमत्त्वही उत्तुंग. माणसाला गगनचुंबी म्हणालात तर तो सहा फूट चार इंचाचा आहे असं वाटेल.

टोलेजंगमध्ये उंचीपेक्षा पसारा आणि वजन जास्त. याला विजापूरच्या गोलघुमटाइतकं चांगलं उदाहरण नाही. उंची सुमारे ५१ मीटर, म्हणजे पुन्हा एक गोकाक. पण घुमटाचा बाहेरचा व्यास ४४ मीटर! सतराव्या शतकात मुहम्मद आदिलशहाच्या कबरीवर तो उभा राहिला. समोर उभं राहिलं की मान वर जाण्याआधी नजर डावी-उजवीकडे पसरते. त्याला गगनचुंबी म्हणणं म्हणजे पैलवानाला नुसतं उंच म्हणण्यासारखं आहे. तो टोलेजंग. मुरुडेश्वराचं वीस मजल्यांचं राजगोपुर, म्हणजे देवळाच्या दारावरचा मनोरा, मात्र निःसंशय गगनचुंबी. अरुंद, सरळ, समुद्राच्या काठावर.

हलग्याजवळच्या सुवर्ण विधान सौधातलं ‘सौध’ म्हणजे उंच इमारतच का?

उंच नाही, पांढरी. संस्कृतात ‘सुधा’ म्हणजे अमृत, तसाच चुनाही. सुधा लावलेला, चुन्याने गिलावा केलेला वाडा तो सौध. चुना परवडायचा तो श्रीमंताला, म्हणून पुढे प्रासाद, हवेली असा अर्थ स्थिरावला. बंगळूरची विधान सौध, म्हणजे कर्नाटकाच्या विधिमंडळाची इमारत, १९५६ मध्ये पुरी झाली, तिचं नाव बेळगावला सुवर्ण जोडून आलं आणि ११ ऑक्टोबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते इथल्या वास्तूचं उद्घाटन झालं. मुंबईत तेच विधान भवन. मराठीत सौध कवितेपुरता उरला होता. सीमाभागातल्या मराठी माणसाच्या तोंडी मात्र तो रोजचा झालाय, ‘सौधाकडं मोर्चा हाय, रस्ता बंद केलाय’ इतका रोजचा.

बुर्ज खलिफातला बुर्ज आणि आपल्या किल्ल्याचा बुरूज एकच का?

एकच. अरबी ‘बुर्ज’. मनोरा, इमारत, मजला हेही अरबीतून फारशीमार्गे आपल्याकडे आले. म्हणजे ‘बहुमजली इमारत’ म्हणताना एक बहु सोडला तर आपण अरबीच बोलत असतो. ‘गगनचुंबी इमारत’मध्ये संस्कृत आणि अरबी शेजारी शेजारी नांदतात, तक्रार न करता.

बेळगावात गगनचुंबी म्हणावं असं आहे तरी काय?

इमारत शोधत असाल तर निराश व्हाल. खडेबाजार, मारुती गल्ली, शनिवार खूट, इकडे दोन-तीन मजल्यांचीच वस्ती. जुनी घरं मंगळुरी कौलांची, कारण इथला पाऊस धाब्यावर निभत नाही. किल्ल्यातली कमल बसदी, म्हणजे जैन मंदिर, तेराव्या शतकाच्या सुरुवातीची, देखणी आहे, पण तिची नजर आत आहे, कमळाच्या छताकडे. वर नाही. शिवाय सांबऱ्याला विमानतळ, आणि विमानतळाच्या परिसरात किती उंच बांधायचं यावर बंधन असतंच.

पण कोटे केरेला, म्हणजे किल्ल्याजवळच्या तळ्यावर, जाऊन या. २०१८ मध्ये तिथे ११० मीटर उंचीचा राष्ट्रध्वजाचा खांब उभारला. कोल्हापुरात आदल्या वर्षी ३०३ फुटांचा झाला होता, आपला ३६१ फुटांचा. पावणेदोन तासांवरच्या शेजाऱ्याशी स्पर्धा केल्याशिवाय आम्हाला करमत नाही. खांबाला मजले नाहीत, खिडक्या नाहीत, पण गावात गगनचुंबी हा शब्द कुणाला लावायचा झाला, तर तो यालाच शोभतो. खालून बघताना माझ्या धाकट्या पुतण्याने विचारलं होतं, ‘काका, वर कोण चढायलंय रे बल्ब बदलायला?’

सोन्याचे भाव गगनचुंबी झाले, असं म्हणता येईल?

नको. भाव गगनाला भिडतात. कन्नडमध्ये ते गगनाला चढतात, ‘गगनक्केरिद बेले’. दोन्हींत भाव हलतो, वर जातो. गगनचुंबी गोष्ट मात्र जागची हलत नाही, उभी असते. आनंद गगनात मावत नाही, महत्त्वाकांक्षा गगनाला गवसणी घालते आणि गर्विष्ठ माणसाला स्वर्ग दोन बोटं उरतो. आभाळाच्या एवढ्या तऱ्हा भाषेत असताना सगळीकडे एकच चुंबन कशाला?

गगनचुंबीच्या उलट काय?

बैठं. बैठं घर, बैठी चाळ. जणू घर मांडी घालून बसलंय.

आमची सात मजली अपार्टमेंट आहे. जाहिरातीत ‘गगनचुंबी’ छापू का?

छापा की, शब्दावर कर नाही. पण आधी जागेवर जाऊन समोरच्या फूटपाथवरून एकदा वर बघा. मान अवघडली तर छापा. शेजारीच आठ मजल्यांची उभी असेल, तर ‘हवेशीर’ आणि ‘मुबलक पाणी’ हे दोन शब्द तुमचे फ्लॅट लवकर विकतील. बेळगावात पाण्यासाठी माणूस मजले विसरतो. मागच्या महिन्यात एका गिऱ्हाइकाला हेच सांगितलं. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘ते दोन्ही टाका, आन् गगनचुंबी पण राहू दे, थोडं बारीक अक्षरात.’ तसंच लावलं.